तिसऱ्या कोण

जेवताना रडायचं नाही, भांडायचं नाही आणि मेलेल्या माणसांचं काढायचं नाही, असे तीन नियम डगलबींच्या घरात केव्हापासून होते कुणास ठाऊक. त्या रविवारी ग्रेव्हीचं भांडं विनीपर्यंत पोचायच्या आत तिन्ही मोडून झाले होते. पुडिंग फुगलं नाही म्हणून मॉरिसची बायको ब्रेंडा स्वयंपाकघरात डोळे पुसून आली होती. मॉरिस आणि विनी यांची एक फेरी झडली होती. आणि मेलेली माणसं तर जणू खुर्च्या ओढून टेबलाशीच येऊन बसली होती.

"आत्या, रागावू नकोस," मॉरिस म्हणाला. "पण तो दगड आहे. एकदा कोरलं की कोरलं. त्यावर खोडरबर चालत नाही."

"मी कुठे रागावलेय?" विनी म्हणाली. तिच्या हातातला काटा ताटावर टकटक वाजत होता.

गेल्या हिवाळ्यातल्या थंडीनं मॉरिसचे पणजोबा-पणजी जेबेझ आणि हॅना यांच्या कबरीवरचा दगड मधोमध तडकला होता. नवा दगड आला होता, पाथरवट सोमवारी सकाळी नावांचा कागद घ्यायला येणार होता. कागद मॉरिसच्या खिशात होता. विनीनं तो आल्या आल्या मागून वाचला होता. 'जेबेझ डगलबी, त्यांची पत्नी हॅना, आणि त्यांची मुले, अमोस व केझाया.' बस्स. विनीच्या आईचं, आडाचं, नाव नव्हतं.

नसणारच होतं म्हणा. आडाचा जन्म १८७३च्या सप्टेंबरातला आणि जेबेझ-हॅनाचं लग्न त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं. चर्चच्या वहीत आडाच्या बापाचा रकाना कोरा. हॅना लवकर गेली. पुढे एकदा, एका कोंबडीवरून झालेल्या भांडणात, धाकट्या बहिणीनं, केझायानं, तो रकाना आडाच्या तोंडावर फेकला. "तू कुठली आमची? बाबांनी दया केली तुझ्यावर!" आडा तेव्हा वीस वर्षांची होती. त्या दिवसानंतर तिनं जेबेझला बाबा म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. मेली तीही तशीच, आणि तिची कबर पार भिंतीकडेला, खाजकुयलीच्या झुडपात. आता विनी पंच्याहत्तरीची झाली होती. आईचं नाव तिच्या आईबापांच्या दगडावर बघावं आणि मग खुशाल डोळे मिटावेत, एवढीच तिची इच्छा होती. आईबापांच्या नव्हे, तिच्या आईच्या तरी.

"एक नावच तर आहे," ब्रेंडा म्हणाली. "कोरून टाका की. दगडाला काय ओझं होणार आहे?"

"ब्रेंडा, मी चर्चचा विश्वस्त आहे. वहीत एक आणि दगडावर दुसरं, असं मी कसं करू? 'हॅनाची मुलगी' म्हणून खाली वेगळी ओळ घालतो म्हणालो, तर आत्याला ते चालत नाही."

"वेगळी ओळ!" विनी म्हणाली. "म्हणजे शंभर वर्षं गाव कुजबुजलं ते आता मोठ्यानं वाचायचं. वा रे वा! माझ्या आईला आयुष्यभर उंबऱ्याबाहेर ठेवलंत, आता मेल्यावर ओळीबाहेर ठेवा."

वॉल्ट, विनीचा नवरा, खाली मान घालून जेवत होता. तो जेवताना बोलत नसे. तेराव्या वर्षी सालगडी म्हणून घर सोडलं तेव्हापासूनची ती सवय. तिथे मुकादमानं सुरी खाली ठेवली की सगळ्यांचं जेवण संपलं, मग तुमचं ताट भरलेलं का असेना. त्यामुळे चौऱ्याहत्तराव्या वर्षीही तो पाठीमागे कुणीतरी लागल्यासारखा जेवायचा. विनीनं लग्नानंतर पन्नास वर्षं त्याला हळू जेव म्हणून सांगितलं आणि मग नाद सोडला.

"म्हणूनच तर आपण ही डायरी बघतोय ना," जिलियन म्हणाली. मॉरिसची मुलगी ड्रिफील्डच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि घरातही थोडी तशीच बोलायची. वसंतात जुन्या तबेल्यावरचा माळा उतरवताना पत्र्याच्या डब्यात जेबेझची डायरी सापडली होती. १८७२ आणि ७३, दोन वर्षांची. जेबेझ तेव्हा विशीतला, एका मोठ्या शेतावर घोड्यांकडचा सालगडी. हॅना तिथेच दूधघरात कामाला. जिलियननं सगळी डायरी टाइप करून आणली होती. "आडापणजीचा बाप कोण ते यात आहे. सरळ लिहिलंय. फक्त त्याचं नाव नाही. त्याला सगळे 'तिसऱ्या' म्हणतात."

"तिसऱ्या?" विनी म्हणाली. हे नाव ती पहिल्यांदाच ऐकत होती. आयुष्यभर ज्या माणसाला चेहरा नव्हता त्याला अचानक नाव फुटलं, आणि नाव तरी कसलं!

"ऐका हं. जून ७२. 'तिसऱ्या आणि हॅना जत्रेला गेले. तिसऱ्याने तिला फीत घेतली.' ऑगस्ट. 'तिसऱ्या रात्री बाजा वाजवत बसला. गोड वाजवतो. हॅना ओट्यावर ऐकत होती.' मग नोव्हेंबरची तेवीस तारीख. 'तिसऱ्या गेला. त्याची कपड्यांची पेटी मीच गाडीत चढवली. हॅना बाहेर आली नाही.'"

"मेल्यानं फसवलं आणि पळाला," ब्रेंडा म्हणाली.

"आणि मी त्याला शोधलंय!" जिलियनचे गाल लाल झाले होते. "सरकार शंभर वर्षं झाल्याशिवाय शिरगणतीचे कागद उघडत नाही. एकाहत्तर सालचे परवाच उघडले. शेजारच्या शेतावर कावुड म्हणून तीन भाऊ होते. मॅथ्यू, ल्यूक आणि जॉर्ज. तिसरा जॉर्ज. म्हणून तिसऱ्या!"

मॉरिसनं मान डोलावली. "पटतंय. कावुड मंडळी गाणारीच. अजून चर्चमध्ये तेच बोंबलतात."

कावुड. विनीनं मनातल्या मनात ते नाव घोळवून बघितलं. म्हणजे पोस्टातला तो टकल्या कावुड आपला भाऊ लागतो की काय? ज्याच्याशी ती तिकिटांवरून दर आठवड्याला भांडायची? तिला हसावं की रडावं कळेना.

"पण थांबा," ब्रेंडा बोटं मोजत म्हणाली. "सप्टेंबरात पोर झालं. ऑगस्ट, जुलै, जून... म्हणजे डिसेंबर. आणि हा बाबा नोव्हेंबरात गेला?"

"परत आला असेल. नाताळाला."

"पेटी घेऊन गेलेला माणूस परत कशाला येईल?"

"बाई असली की येतात," मॉरिस म्हणाला आणि मुलीसमोर बोललो म्हणून ओशाळला.

"आलाच होता, बाबा. नुसता नाताळाला नाही." जिलियननं पान उलटलं. "फेब्रुवारी. 'वॅग म्हणाला, तिसऱ्याचा गळा ऐकून घोडी दूध आटवेल.' मग सोळा तारीख. 'जेवताना वॅग म्हणाला, तिसऱ्या बाप होणार. सगळे हसले. मला मान वर करता आली नाही.'" ती थांबली. "इथे मला रडूच आलं. जेबेझ खापरपणजोबांचं हॅनावर प्रेम होतं ना. आणि भर पंगतीत हे ऐकायचं!"

वॅग म्हणजे घोडेवाल्या गड्यांचा मुकादम, एवढं टेबलावर सगळ्यांनाच माहीत होतं. बाकी काहीच जुळत नव्हतं.

"ऑगस्टात गोड गळा, फेब्रुवारीत घोडी दूध आटवते?" विनी म्हणाली. "काय सर्दी झाली होती का त्याला?"

"बाजा गोड वाजवायचा, आजी. गळ्याचं कुठे म्हटलंय?"

"बरं. पण नोव्हेंबरात गेलेला माणूस फेब्रुवारीत तिथे गातोय, आणि त्याला धरून कुणी जाब विचारत नाही?"

"तीच तर गंमत आहे! नोव्हेंबरनंतर खापरपणजोबा त्याला स्वतः कधी बघतच नाहीत. तिसऱ्या आला, तिसऱ्या गेला, असं एकदाही नाही. नुसते दुसरे लोक त्याच्याबद्दल बोलतात. वॅग बोलतो, मालकीण बोलते, हॅना बोलते. म्हणजे तो चोरून येत असणार."

"चोरून येऊन गातोय?" ब्रेंडा म्हणाली. "मोठाच हुशार चोर म्हणायचा."

मॉरिस हसला, मग विनीकडे बघून ताटाकडे वळला. तिनं आयुष्यभर एक साधं दुःख सांभाळलं होतं, कपाटातल्या चादरीसारखं घडी घातलेलं. आता हे लोक ते ओढून, झटकून, उलटंपालटं करून बघत होते आणि त्यातून भलतंच काहीतरी सांडत होतं. एक बाजा, एक जत्रा, एक बेसूर चोर. तिला वाटलं, उठावं आणि कोट घालून घरी जावं. नको तो दगड आणि नको ते नाव.

"अजून एक घोटाळा आहे," जिलियन जरा खालच्या आवाजात म्हणाली. "डिसेंबरच्या पहिल्या तारखेला लिहिलंय, 'नवा चौथ्या आला. पोरगा बरा वाटतो.' कावुडांना चौथा भाऊच नाही. मी पुन्हा पुन्हा बघितलं."

"नवा चौथ्या?" मॉरिस म्हणाला. "मग जुना होता की काय?"

"होता ना. जुलैत. तो मेला असेल."

"अगंबाई!" ब्रेंडा म्हणाली. "म्हणजे चार भाऊ, त्यातला एक नाहीच, तोच मेला, आणि परत नवा आला?"

वॉल्टनं सुरी-काटा ताटात आडवा ठेवला. त्याचं दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं जेवणही संपलं होतं. त्यानं तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांकडे बघितलं, येड्यांच्या बाजारात चुकून शिरल्यासारखं.

"तुम्ही कुणाबद्दल बोलताय?" तो म्हणाला. "तिसऱ्या हा काय माणूस आहे?"

"म्हणजे, वॉल्टआजोबा?" जिलियननं विचारलं.

"ती जागा आहे, बाळा. वॅग पहिला. मग त्याच्या खालचा, मग तिसऱ्या, मग चौथ्या, शेवटी पोऱ्या. त्याच क्रमानं घोडे बाहेर काढायचे, त्याच क्रमानं दारातून आत यायचं, त्याच क्रमानं बाकावर बसायचं. शेतावर नाव नव्हतंच कुणाला. मी एक वर्ष तिसऱ्या होतो, वर्षभर मला कुणी वॉल्ट म्हणून हाक मारली नाही. घरी गेलो तर आईनं हाक मारली आणि मी मागे वळून बघितलं, ही कुणाला बोलावतेय म्हणून."

मॉरिसलाही हे नवीनच होतं. तो याच मातीत वाढला होता, पण अमोसचा नातू, अमोसच्या घरातला. अमोसनं पुढे स्वतःची शेती खंडानं घेतली. मालकाच्या पोराला घरात नावच असतं. आणि मॉरिसला कळू लागलं तोवर घोडे जाऊन ट्रॅक्टर आले होते.

"तू हे कधी बोलला नाहीस," विनी म्हणाली.

"कुणी विचारलं कधी? आणि हे काय सांगायचं असतं? सगळ्यांनाच माहीत असतं की." वॉल्टनं जिलियनकडे हात पुढे केला, पण चष्मा नव्हता म्हणून कागद परत तिच्याकडे सरकवला. "तूच वाच. नोव्हेंबरची तेवीस म्हणालीस ना? ते मार्टिनमस. सालाचा शेवटचा दिवस. सगळ्यांचं साल संपतं, जो तो पेटी घेऊन घरी. आठवडाभर सुट्टी, बाजारात नवा इसार घ्यायचा, आणि मग कुणी दुसऱ्या शेतावर जातो, कुणी आहे तिथेच एक पायरी वर चढतो. तो बाजेवाला गेला म्हणजे गेलाच. तो काही चोरून आलाबिला नाही."

"मग फेब्रुवारीतला तिसऱ्या कोण?" मॉरिसनं विचारलं.

"नवा तिसऱ्या. जो मागच्या साली चौथ्या होता तो."

"आणि मागच्या सालचा चौथ्या कोण?"

"ते मी कसं सांगू? डायरी तुमच्याकडे आहे."

जिलियन पानं उलटत होती. तिचा हात घाईघाईत चालला होता आणि ग्रेव्हीचा एक ठिपका जुलै महिन्यावर पडला. "हे. जुलै ७२. 'पहाटे वॅग ओरडला, चौथ्या, मेलास का रे. तसा उठलो आणि घोड्यांना चारा घातला.'" तिनं ते वाचलं, मग पुन्हा मनात वाचलं. "तसा उठलो," ती म्हणाली. "उठलो. बाबा... चौथ्या मेला नव्हता. चौथ्या म्हणजे खापरपणजोबाच."

"म्हणजे डिसेंबरपासून..." मॉरिस म्हणाला आणि अडकला.

"म्हणजे डिसेंबरपासून तिसऱ्या जेबेझच," वॉल्ट म्हणाला. "म्हणून तर तो तिसऱ्याला कुठे बघत नाही. स्वतःला कसा बघेल? दुसरे त्याला म्हणतात ते तेवढं लिहितो."

"'तिसऱ्या बाप होणार. सगळे हसले. मला मान वर करता आली नाही.'" जिलियन हळू म्हणाली. "मी याचा केवढा करुण अर्थ लावला होता! आणि त्याला तर नुसती लाज वाटत होती."

विनीला हे सगळं कानावर येत होतं, पण आत जात नव्हतं. "थांबा," ती म्हणाली. "परत सांगा. सावकाश सांगा. मला कळलं नाही."

वॉल्टनं सावकाश सांगितलं, मिठाची कुपी वॅग, मिरपुडीची तिसऱ्या आणि मोहरीची चौथ्या करून. मार्टिनमस आलं तशी मिरपूड टेबलावरून उचलली आणि मोहरी तिच्या जागी सरकवली. विनीनं मोहरीकडे बघितलं. हे तिचे आजोबा.

"तर मग लग्न का नाही केलं?" तिनं विचारलं. आवाज चढला होता. "पोर झालं तरी तीन महिने का थांबला? खरा बाप असता तर धावत गेला असता. दया करणारा माणूस सवडीनं येतो!"

"विनी, त्याचं साल चालू होतं. लग्न झालेल्या गड्याला माळ्यावर कोण झोपू देणार? आणि सालाचा शब्द मधेच मोडला तर तेव्हा कोर्टात उभं करायचे. मार्टिनमस येईपर्यंत त्याला बांधलेलंच होतं. साल सुटलं आणि लग्न केलं. लग्न कोणत्या तारखेला आहे?"

"एक डिसेंबर," मॉरिस म्हणाला.

"साल सुटल्या आठवड्यातच की. याहून लवकर कसा करणार? माझ्या बापानंही तेच केलं. माझा थोरला भाऊ आईबापांच्या लग्नात दुधाच्या बाटलीसकट हजर होता. आमच्यात कुणी त्याला दया म्हटलं नाही."

मॉरिसनं खिशातून कागद काढला आणि ताटं बाजूला सारून पसरला. त्याचा चेहरा उजळला होता. खरं ते कोरायचं हाच त्याचा हट्ट होता, आणि आता खरं त्याच्या हातात आलं होतं. "आत्या, मी चुकलो. आडाचं नाव पहिलं. 'त्यांची मुले, आडा, अमोस, केझाया.' थोरली ती थोरलीच."

"पहिलं?" ब्रेंडा म्हणाली. "नाव घाला म्हणून मीच म्हणत होते, पण अमोसआजोबांना थोरला म्हणून आपण... म्हणजे आता ते दुसरे?"

"ब्रेंडा, गप्प बैस."

"मी नुसतं विचारलं."

मॉरिसनं पेन्सिलीनं नाव लिहिलं, ठळक, दोनदा गिरवून, आणि कागद विनीपुढे ठेवला. सगळे तिच्याकडे बघत राहिले. आता ती रडेल, हसेल, काहीतरी म्हणेल. जिलियननं तर हातरुमालही काढून ठेवला होता.

विनी नावाकडे बघत होती. हवं होतं ते मिळालं होतं, हवं होतं त्याच्या दुप्पट मिळालं होतं, आणि तिला आनंद होत नव्हता. का होत नव्हता ते तिला कळेना. मग कळलं, आणि तिनं कागद दोन बोटांनी लांब सारला.

"एकवीस साली ते याच घरात वारले," ती म्हणाली. "वरच्या खोलीत. अमोसमामानं चिठ्ठी पाठवली होती, बाबा सारखं आडाचं नाव घेतायत, ताबडतोब ये. आई पोळपाटावर पाईचं पीठ लाटत होती. मी चिठ्ठी वाचून दाखवली. तिनं लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, त्यांना सांग, तुमची स्वतःची दोन आहेत ना उशाशी, मग परकीचं नाव कशाला?"

"आत्या," मॉरिस म्हणाला, "तिला काय माहीत..."

"निरोप घेऊन मी आले होते. बावीस वर्षांची होते मी. अमोसमामाला सांगून परत गेले असते तरी चाललं असतं. पण मी आईसाठी पेटले होते. मी वर गेले आणि त्यांना तोंडावर सांगितलं, शब्द न्‌ शब्द."

"मग ते काय म्हणाले?" जिलियननं विचारलं.

"काही नाही. माझ्याकडे बघत राहिले. वाटलं, यांना कळलंच नाही मी काय म्हणाले ते. परकी कोण, असं बघत होते." विनीनं वॉल्टकडे पाहिलं. "एक शब्द सांगितला असता तर, वॉल्ट! एक शब्द. का नाही सांगितलं त्यांनी कधी?"

"केझायानं काय म्हटलं ते त्याच्या कानावर गेलंच नसेल," वॉल्ट म्हणाला. "सगळ्या शेताला माहीत होतं. भर पंगतीत हसले होते लोक. पोरीलाच माहीत नसेल, हे त्याच्या डोक्यात कसं येणार?"

ब्रेंडानं कुणी न सांगता उठून चहाचं पाणी ठेवलं.

"मग नंतर म्हणाले," विनी म्हणाली. "मी दारापर्यंत गेल्यावर. बाहेर गार आहे, पोरी, चहा घेऊन जा."

"आणि घेतलास?" जिलियननं विचारलं.

"नाही," विनी म्हणाली. "मी म्हटलं, परक्यांच्या घरी मी चहा घेत नाही."